शेजाराचा रोग, कुळाचा गुण

ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला, वाण नाही पण गुण लागला. ही म्हण बैलांना लागू असेल, माणसांना तर आहेच. भाताला लावून बघितली की मात्र ती अर्धीच खरी निघते. रोगट खाचराला लागून निरोगी खाचर असलं, तर रोग लागायला एक वादळी पाऊस पुरतो. उलट, रोगाला दाद न देणाऱ्या भाताशेजारी तुमचं भात वीस वर्षं उभं राहिलं, तरी तो गुण काही बांध ओलांडून तुमच्याकडे येत नाही. रोग शेजारातून येतो. त्याला अडवायची ताकद यावी लागते कुळातून, आईबापांकडून, बियाण्यातून. पुढची सगळी पानं याच एका गोष्टीभोवती फिरणार आहेत.

(कोकणात कूळ म्हटलं की आधी कूळकायदा आणि सातबारा आठवतो. इथे ते कूळ नव्हे. तरी वारसा कोणाचा आणि नोंद कोणाच्या नावावर, हे भांडण इथेही आहेच. ते पुढे येईल.)

आमच्या घरची शेती पेण तालुक्यात, खाडीपासून हाकेच्या अंतरावर. पावसाळ्यात भात, भात निघालं की त्याच ओलीवर वाल. माझ्या लहानपणी आम्ही जया लावायचो. एका श्रावणात, भात पोटरीत यायच्या सुमाराला, पानांच्या कडा पिवळ्या पडून वाळायला लागल्या. काकांनी बाजारात जाऊन सांगितलं, करपा आलाय. दुकानदाराने करप्याचं औषध दिलं. उघडीप बघून दोन फवारण्या झाल्या, पैसे गेले, आणि करपा आपल्या गतीने चालतच राहिला. झोडणीच्या वेळी निम्मे दाणे पोचट. दुकानदार खोटं बोलला नव्हता आणि काकांनीही चुकीचं काही सांगितलं नव्हतं. घोटाळा नावाचा होता.

मराठीत भाताचे दोन अगदी वेगळे रोग करपा या एकाच नावाखाली नांदतात. एक बुरशीचा. त्यात पानावर होडीच्या आकाराचे ठिपके पडतात, मधे राखाडी, कडेला तपकिरी. तो लोंबीच्या मानेवर आला की लोंबी मोडून लटकते, म्हणून तिथे त्याला मानमोडी म्हणतात. दुसरा कडा करपा. हा जिवाणूचा, आणि त्या जिवाणूचं नाव झँथोमोनास ओरायझी. तो शेंड्याकडून सुरू होतो, कडेकडेने नागमोडी खाली उतरतो आणि पान पेंढ्याच्या रंगाचं करून सोडतो. काकांनी मारलेलं औषध बुरशीचं होतं. जिवाणूला त्याचं सोयरसुतक नव्हतं.

दोन्हींतला फरक ओळखायची एक युक्ती आहे. तिला प्रयोगशाळा लागत नाही, काचेचा पेला लागतो. नुकतंच कडेने पिवळं पडायला लागलेलं ताजं पान घ्यायचं. पिवळं आणि हिरवं जिथे भेटतं, तिथला बोटाच्या पेराएवढा तुकडा कात्रीने कापायचा आणि स्वच्छ पाण्यात कापलेलं टोक खाली करून धरायचा. पेला उजेडाकडे करून थोडा वेळ हात स्थिर ठेवायचा. कडा करपा असेल तर त्या टोकातून दुधट धागा निघतो आणि संथपणे तळाकडे उतरतो, उदबत्तीचा धूर उलटा बघावा तसा. तो धागा म्हणजे पानाच्या शिरांत दाटलेले जिवाणू. बुरशीच्या करप्यात असं काहीच निघत नाही, पाणी नितळ राहतं. हे मी पहिल्यांदा केलं तेव्हा चाळिशी उलटली होती आणि काका हयात नव्हते.

मग कडाच का? पहाटे भाताच्या पानांच्या टोकांवर आणि काठांवर जे थेंब लोंबत असतात, ते सगळेच दवाचे नसतात. मुळांनी ओढलेलं जास्तीचं पाणी पान काठावरच्या बारीक छिद्रांतून बाहेर सोडतं. जिवाणू त्या थेंबात पोहोचला, आणि ऊन चढताना थेंबाचा काही भाग पुन्हा आत ओढला गेला, की पाहुणा घरात. श्रावणातल्या वाऱ्यापावसात पानाला पान घासून चरे पडतात, ती त्याची दुसरी वाट. त्यातून वरच्या खाचराचं पाणी खालच्या खाचरात उतरतं ते रोग घेऊनच, आणि युरियाचा हात सैल सुटला असेल तर विचारायलाच नको. काही ठिकाणी आवण जून होऊन उंच वाढलं की लावणीआधी मुठीचे शेंडे छाटायची रीत आहे. एक रोगट मूठ कोयत्याखाली आली की पुढच्या सगळ्या मुठींना टोचणी मिळाली म्हणून समजा. गंमत अशी, की कोणत्या वाणात प्रतिकार आहे हे तपासताना शास्त्रज्ञही हेच करतात. कात्री जिवाणूच्या पाण्यात बुडवून पानांचे शेंडे कापायचे आणि १४ दिवसांनी डाग किती सेंटिमीटर उतरला ते पट्टीने मोजायचं. आपण अजाणता करतो, ते मोजून करतात, एवढाच काय तो फरक.

आता हे सगळं रायगडच्या संदर्भातच का सांगायचं, तर भारतात या रोगाची जी पहिली नोंद सांगितली जाते ती इथली आहे. जिल्ह्याचं नाव रायगड झालं १९८१ साली. त्याआधीच्या कुलाबा जिल्ह्यात १९५१च्या सुमाराला हा रोग दिसल्याचा उल्लेख रोगशास्त्राच्या ग्रंथांतून वारंवार येतो. १९५९ मध्ये श्रीनिवासन, थिरुमलाचार आणि पटेल यांनी महाराष्ट्रातला हा जिवाणूजन्य करपा ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात नोंदवला. यांतले थिरुमलाचार पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समधले. माणसांच्या औषधांचा कारखाना आणि भाताचा रोग यांची गाठ अशी घाटमाथ्यावर पडली. पुढे त्याच कारखान्याचं स्ट्रेप्टोसायक्लिन शेतकऱ्यांच्या फवारणी पंपात गेलं आणि अनेक वर्षं कडा करप्यावरचा उपाय म्हणून सांगितलं गेलं. माणसांना लागणारी प्रतिजैविकं शेतावर शिंपडणं किती महागात पडू शकतं, हे उमगायला वेळ लागला. २०२१ मध्ये केंद्र सरकारने या मिश्रणाच्या शेतीतल्या वापरावर बंदी आणण्याचा मसुदा काढला.

जगाच्या हिशेबात रोग जुना. जपानमधल्या क्युशू बेटावरच्या शेतकऱ्यांनी तो १८८४ सालीच पाहिला होता. आपल्याकडे मात्र त्याला कोणी फारसं मोजलं नव्हतं, ते १९६३ मध्ये बिहारच्या शहाबाद जिल्ह्यात साथ येईपर्यंत. पाठोपाठ बुटकी, भरघोस उतारा देणारी भातं आली. आधी तैवानचं तैचुंग नेटिव्ह-१, मग आयआर-८, मग १९६८ मध्ये आपलं जया. त्यांनी कोठारं भरली, हे कृतज्ञतेने म्हणायला हवं. पण तैचुंग नेटिव्ह कडा करप्याला इतकं हळवं, की आजही रोगाची चाचणी घेताना ते मुद्दाम पेरतात. तपासायच्या वाणांच्या काही ओळी झाल्या की मधे एक ओळ तैचुंगची. ती करपली म्हणजे रोग नीट पसरला आहे, आता शेजारची ओळ हिरवी असली तर तिच्या हिरवेपणाला अर्थ आहे. ढवळ्याशेजारी पवळ्या शास्त्रज्ञही बांधतात, पण गुण लागतो का ते बघायला नव्हे, कोणाला लागत नाही ते शोधायला. जया याच तैचुंगच्या पोटचं. आमच्या खाचरात जे झालं ते असं कुळातूनच आलेलं होतं.

प्रतिकारशक्ती या शब्दाशी माझं थोडं भांडण आहे. तो ऐकला की च्यवनप्राश आणि तालीम डोळ्यांपुढे येते. दणकट रोप रोगाला हटवतं आणि किडकिडीत रोप आडवं पडतं, असा समज होतो. शेतात बरेचदा उलटं दिसतं. खत पिऊन काळंभोर झालेलं भात आधी करपतं आणि कडेचं हडकुळं, ज्याच्याकडे कोणी बघत नव्हतं, ते टिकतं. प्रतिकार ही रोपाच्या अंगातली एकंदर रग नसते. बहुतेक वेळा ती एखादी नेमकी, छोटी गोष्ट असते: एका विशिष्ट जिवाणूच्या एका विशिष्ट चालीला दिलेलं उत्तर. आणि ती नेमकी असते म्हणूनच तिचा वारसा हिशेबात पकडता येतो.

तो हिशेब पहिल्यांदा मांडला रोलंड बिफेन यांनी, केंब्रिजला, १९०५ साली. मेंडेलचे नियम पुन्हा उजेडात येऊन पाचच वर्षं झाली होती. त्यांनी तांबेरा न घेणारा गहू आणि तांबेऱ्याने माखणारा गहू यांचा संकर केला. पहिल्या पिढीतलं प्रत्येक रोप तांबेऱ्याने माखलं. दुसऱ्या कोणी तिथेच कपाळाला हात लावला असता. बिफेन यांनी पुढची पिढी पेरली, आणि साधारण चारात एक रोप स्वच्छ निघालं. गुण हरवला नव्हता, दबून बसला होता. आजोबांचे घारे डोळे मुलात दिसत नाहीत आणि नातवात एकदम चमकतात, तसं.

भातात हा हिशेब करायचा म्हणजे हाताला सवय हवी. कर्जतचं भात संशोधन केंद्र १९१९ पासून आहे. तिथे आणि अशा सगळ्याच केंद्रांवर संकराचं काम चालतं ते साधारण असं. भाताच्या एका फुलात सहा परागकोश असतात आणि स्त्रीकेसर त्यांच्या शेजारीच. फूल दिवसा तासभर उघडतं, बहुतेकदा उघडतानाच त्याचं स्वतःशी लग्न लागून गेलेलं असतं. (म्हणून तर घरचं बी वर्षानुवर्षं फारसं न बिघडता चालतं. मक्याला हे सुख नाही.) हे लग्न मोडायचं तर आदल्या दिवशी दुपारनंतर लोंबीवरच्या, उद्या उमलू पाहणाऱ्या प्रत्येक फुलाचं टोक बारीक कात्रीने छाटायचं, सहाच्या सहा कोश चिमट्याने काढायचे, एकही फुटू द्यायचा नाही, आणि लोंबीवर कागदी पिशवी चढवायची. दुसऱ्या दिवशी दहा-अकराच्या सुमाराला बापाची लोंबी आणून वर हलकेच झटकायची. पिवळी धूळ पडते. पन्नास फुलं छाटली तर पन्नास दाणे धरतातच असं नाही. कर्जत-१८४ हे आपल्याकडचं ओळखीचं भात असंच जुळवलेलं. त्याचं एक पालक तैचुंग नेटिव्ह आणि दुसरं इथला कोळंबा-५४०.

कडा करप्याला अडवणाऱ्या जनुकांना संशोधक एक्सए म्हणतात आणि पुढे आकडा लावतात. अशी चाळीसहून जास्त जनुकं आजवर नोंदली गेली आहेत. सगळ्यांची ओळख इथे करून देण्यात हशील नाही, दोघांची पुरे.

पहिलं एक्सए-२१. ते आलं आफ्रिकेतल्या मालीमधून, ओरायझा लाँगिस्टॅमिनाटा नावाच्या रानभातातून. जमिनीखालच्या गड्ड्यांनी पसरणारं, उपटता उपटत नाही असं ते गवत, शेतकऱ्याच्या लेखी तण. कटकच्या केंद्रीय भात संशोधन संस्थेत देवदत्त यांना १९७७च्या सुमाराला दिसलं, की त्याच्यापुढे जिवाणूचं काही चालत नाही. मग फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत गुरदेव खुश आणि सहकाऱ्यांनी ते आयआर-२४ या भाताशी जुळवलं, पुन्हा पुन्हा आयआर-२४शीच जुळवत राहिले, आणि रानटी सगळं गाळून तेवढा एक गुण भातात उतरवायला बारा वर्षं लागली. १९९५ मध्ये पामेला रोनाल्ड यांच्या कॅलिफोर्नियातल्या गटाने ते जनुक वेगळं काढून वाचलं. पेशीच्या दारात बसलेला हा राखणदार आहे. जिवाणूचं एक नेमकं प्रथिन त्याला ओळखता येतं आणि ओळखलं की तो घर जागं करतो. त्याची खोड एवढीच, की लहान रोपात तो पेंगतो. रोप मोठं होईल तसा तरतरीत होतो.

याच वेळी नावाचा प्रश्न उभा राहिला. जनुकाचं पेटंट कॅलिफोर्नियात, गवत मालीचं. रोनाल्ड यांनी पुढाकार घेऊन १९९६ मध्ये विद्यापीठात एक निधी काढला: या जनुकावर कोणी कमावलं तर वाटा मालीकडे जावा. कंपन्यांनी पुढे त्याचा धंदाच केला नाही, त्यामुळे वाटा राहिला कागदावर. सातबाऱ्याची आठवण मी सुरुवातीला काढली ती यासाठी.

दुसरं एक्सए-१३, एका जुन्या भातातलं, आणि माझं अधिक आवडतं. हे दबून बसणारं जनुक; आई आणि बाप दोघांकडून मिळालं तरच उपयोगी. त्याची रीतही निराळी. जिवाणू भाताच्या पेशीत एक प्रथिन टोचतो. ते जाऊन साखर बाहेर सोडणाऱ्या भाताच्याच एका जनुकाची कळ दाबतं, आणि रोप स्वतःच्या हाताने चोराला साखर वाढायला लागतं. एक्सए-१३ असलेल्या भातात ती कळच जरा वेगळी घडलेली असते. जिवाणू दाबत बसतो, साखर येत नाही. इथे राखणदार नाही, आरडाओरड नाही, पाहुणचार तेवढा बंद. बरं, ते जनुक मुळातूनच मोडलं असतं तर? तसंही चालत नाही, कारण पराग तयार व्हायला ते लागतं. पूर्ण बंद पडलं तर दाणाच भरणार नाही. निसर्गात फक्त कळ बदलली, दिवा तसाच ठेवला. इतकं बेतशीर काम बघून मला दर वेळी नवल वाटतं.

पण कोणताही एक राखणदार कायमचा पुरत नाही. असं का होतं, हे जवसाने शिकवलं. अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटात हॅरल्ड फ्लोर यांनी १९४०च्या दशकात जवसाचा आणि जवसावरच्या तांबेऱ्याचा, असा दोघांचाही वारसा एकाच वेळी मांडला. दिसलं असं, की जवसाच्या प्रत्येक प्रतिकार-जनुकासमोर बुरशीत त्याच्या जोडीचं एक जनुक असतं. दोघं एकमेकांना भेटले तरच प्रतिकार होतो. बुरशीने आपलं ते एक जनुक बदललं की सामना फिरला. पिकाची पिढी वर्षाची, जिवाणूची काही तासांची, तेव्हा ही शर्यत कोण जिंकणार हे सांगायला नको. एक्सए-४ हे जनुक बऱ्याच आयआर वाणांतून आशियाभर पसरलं, आणि भारताच्या मोठ्या भागात ते आता निकामी झालं आहे. हजारो एकरांवर एकच वाण, त्यात एकच जनुक, म्हणजे जिवाणूला घरोघरी एकच किल्ली चालणार.

यावर आजचा उपाय आपल्या आज्यांच्या दाराइतका जुना आहे: कडी, कुलूप आणि आतून अडसर. हैदराबादच्या भात संशोधन संचालनालयाने आणि पेशीय व रेणवीय जीवशास्त्र केंद्राने मिळून सांबा मसुरी या लोकप्रिय भातात एक्सए-२१, एक्सए-१३ आणि एक्सए-५ अशी तिन्ही बसवली आणि २००८ मध्ये ते सुधारित वाण प्रसारित झालं. हे बाहेरून जनुक घुसवलेलं भात नव्हे, संकरातून केलेलं आहे. यातली दोन जनुकं दबून बसणारी, म्हणजे बिफेन यांच्यासारखं पिढ्यान्पिढ्या थांबणं आलं असतं. पण आता कोवळ्या पानाचा तुकडा घेऊन डीएनएवरच्या खुणा तपासता येतात आणि कोणाच्या पोटात काय दडलंय ते रोग लावायच्या आधीच कळतं. तीन चाली एकदम उलटवणं जिवाणूला अवघड. अशक्य आहे असं मात्र कोणी जाणकार म्हणत नाही.

किनाऱ्यावरची अडचण यापुढे सुरू होते. उधाणात खारबांधाला खांड गेली किंवा उघाडीची दारं कुजली, की खाडीचं पाणी खाचरात येतं, आणि मग सांबा मसुरी असो की आणखी काही, तीन जनुकं मिठापुढे गप्प. खाऱ्यात उभं राहायचा गुण वेगळा, तो वेगळ्या कुळात आहे. आपल्या खारपट्ट्यातली लाल तांदळाची राता भातं पिढ्यान्पिढ्या तेच करत आली. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने त्यांतून काळा राता आणि भुरा राता निवडले. काळा राता मीठ सोसण्याच्या गुणासाठी फिलिपिन्सपर्यंत अभ्यासला गेला. भुऱ्या रात्याचं रक्त पनवेलच्या सुधारित वाणांत आहे. मीठ सोसणं हे कडा करप्यासारखं एका-दोन जनुकांचं काम नाही. थोडं मुळाचं, थोडं पानाचं, बऱ्याच वारसांत वाटलेल्या जमिनीसारखं ते विखुरलेलं असतं, म्हणून एकत्र करायला जड जातं. या पुस्तिकेचा शेवटचा, जरा रेंगाळणारा भाग त्यावर आहे. घाईत असाल तर तो वगळला तरी चालेल. मला वगळवला नाही.

शेवटी एक भात राहिलं, जे कोणी पेरत नाही. तळ्याकाठी, दलदलीत आपलं आपण उगवतं, पिकलं की दाणे पाण्यात झाडून मोकळं होतं. आपण त्याला देवभात म्हणतो. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, म्हणून बायका त्या दिवशी ते शिजवतात. लांब कुसळं, तांबूस दाणा, कांडायला त्रासदायक. आपल्या भातांचं हे रानातलं नातलग. अशाच एका रानभातात एक्सए-२३ सापडलं. उत्तर प्रदेशातून गोळा केलेल्या एका रानभातात भाताच्या एका खुजवणाऱ्या विषाणूवरचा प्रतिकार मिळाला, तोही हजारो नमुने चाळल्यावर.

मागच्या ऋषिपंचमीच्या आदल्या दिवशी पेणच्या बाजारात एक बाई देवभाताचे वाटे लावून बसली होती. तिच्या बाजूला अळूची पानं आणि एक टोपली भेंडी. मी दोन वाटे घेतले आणि विचारलं, मावशी, कुठल्या तळ्यातला? आमच्या भागातली तळी भराव टाकून बुजत चालली आहेत, त्यामुळे मला खरंच जाणून घ्यायचं होतं. तिने माझ्याकडे नीट बघितलं, पैसे कनवटीला लावले आणि म्हणाली, “ते कशाला सांगू? पुढच्या वर्षी तूच जाशील काढायला.”